जुनी पेटी पारखताना : आधी कान, मग कानस

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील जुन्या चाळी व दुमजली घरे पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली, की माळ्यावरून उतरणाऱ्या सामानात तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर अनेकदा एखादी हार्मोनियमही निघते. आजोबांनी भजनासाठी घेतलेली, आत्याच्या गाण्याच्या शिकवणीसाठी आणलेली किंवा बंद पडलेल्या भजनी मंडळाची राहून गेलेली. नव्या सदनिकेत तिला जागा नसते. मग ती भंगारवाल्याकडे तरी जाते, किंवा कोणी हौशी वादक ती पडेल भावात उचलतो आणि 'जरा सुरात करून द्या' म्हणून मिळेल त्या कारागिराच्या हाती सोपवतो. भंगारात गेलेल्या पेटीचे नुकसान डोळ्यांना दिसते. चुकीच्या हातांनी 'दुरुस्त' झालेल्या पेटीचे नुकसान तितकेच मोठे असूनही ते दिसत नाही, कारण पितळी सुरावर एकदा कानस फिरली की निघालेले पितळ परत बसवता येत नाही. म्हणूनच जुनी पेटी घेणाऱ्याने, आणि विकणाऱ्यानेही, तिची ओळख आधी पटवून घेणे आवश्यक ठरते.

पेटीचा प्रवास

'हार्मोनियम' हे नाव पॅरिसच्या अलेक्झांडर देबॅं याने १८४२ साली आपल्या वाद्याच्या एकस्वासाठी वापरले. पायाने भाता चालवायचे, टेबलाएवढे असे ते वाद्य मिशनरी आणि युरोपीय कुटुंबांबरोबर हिंदुस्थानात आले. जमिनीवर बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या या देशात त्याचे पाय गळून पडणे स्वाभाविक होते. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने भाता चालवायची सुटसुटीत पेटी प्रचारात आणली आणि ती देशभर पसरली.

महाराष्ट्रात पेटीला घर मिळवून दिले ते संगीत नाटकाने. 'मानापमान' (१९११) या नाटकाला संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. बालगंधर्वांच्या रंगमंचावर अहमदजान थिरकवा यांचा तबला व कादरबक्ष यांची सारंगी यांच्या जोडीने हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन वाजत असे. पुढे विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांनी साथीच्या या वाद्याला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ नंतरच शिथिल झाली. तरीही या मधल्या काळात घरोघरी, देवळांत आणि गायनवर्गांत पेट्या येतच राहिल्या. आज माळ्यावरून खाली येतात त्यांतील बऱ्याच पेट्या याच काळातील असतात.

हातपेटी, पायपेटी आणि ऑर्गन

बाजारात 'जुनी पेटी' या एकाच नावाखाली तीन निरनिराळी वाद्ये विकली जातात. हातपेटी सर्वांच्या परिचयाची आहे. मागचा किंवा बाजूचा भाता हाताने चालतो आणि आतल्या दुसऱ्या भात्यात हवा साठते. पायपेटीत तेच काम पायाखालचे दोन पावटे करतात व दोन्ही हात वादनासाठी मोकळे राहतात. या दोन्हींत हवा दाबाने सुरांतून बाहेर ढकलली जाते.

नाट्यसंगीताला शोभलेला ऑर्गन मात्र मुख्यतः अमेरिकी घडणीचा. त्याचा भाता हवा आत ओढून घेतो, त्यामुळे त्याचा स्वर मऊ आणि गोलसर येतो. ओळखण्याची सोपी खूण अशी, की हातपेटी व पायपेटीत प्रत्येक सूर लाकडी फळीवर स्क्रूने पक्का बसवलेला असतो, तर अमेरिकी ऑर्गनमध्ये सूर खाचेत सरकवलेले असतात आणि लहानशा आकड्याने ओढून बाहेर काढता येतात. ब्रॅटलबरो येथील 'एस्टे' किंवा बोस्टनची 'मेसन अँड हॅम्लिन' अशा कारखान्यांची नावे पट्ट्यांवरच्या फळीवर सोनेरी अक्षरांत आढळतात. अशा वाद्यांच्या आत अनुक्रमांक ठोकलेला असतो व त्यावरून बनावटीचे वर्ष बरेच जवळपास ठरवता येते. एस्टे कंपनी १९६० साली बंद झाली. तेव्हा अशा ऑर्गनचे सुटे भाग दुसऱ्या जुन्या ऑर्गनमधूनच मिळवावे लागतात, हे घेणाऱ्याने गृहीत धरावे.

वय सांगणाऱ्या खुणा

हातपेटीवर बनावटीचे वर्ष सहसा लिहिलेले नसते. 'शंभर वर्षांपूर्वीची' हे विक्रेत्याचे शब्द पुराव्याशिवाय स्वीकारू नयेत. पुरावा बहुधा पेटीच्या आतच असतो. झाकणाच्या आत किंवा भात्याजवळ चिकटवलेले विक्रेत्याचे लेबल प्रथम पाहावे. त्यावरील पत्ता वाचता आला तरी काळाचा अंदाज येतो. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्यापूर्वी मुंबईच्या पत्त्यात शहराच्या नावापुढे केवळ विभागाचा आकडा असे. 'मुंबई ४' असे लिहिले असेल तर दुकान गिरगावातले आणि लेबल १९७२ च्या आधीचे असण्याची शक्यता मोठी. इंग्रजीत 'पूना' असे छापलेले लेबल बहुधा १९७८ पूर्वीचे आणि 'बॉम्बे' असलेले १९९५ पूर्वीचे. अर्थात दुकानदार जुनी छापील लेबले संपेपर्यंत वापरतात, हेही ध्यानात ठेवावे.

दादरच्या 'हरिभाऊ विश्वनाथ' किंवा कोलकात्याच्या 'द्वारकिन' यांसारख्या नामांकित पेढ्यांची लेबले असलेल्या पेट्यांना मागणी असते. लेबल म्हणजे कागदच, एका पेटीवरचे काढून दुसरीवर डकवता येते. त्यामुळे लेबलाभोवतीचे पॉलिश पाहावे. लेबल मूळचे असेल तर त्याच्या कडेचे लाकूड आणि कागद एकाच गतीने काळवंडलेले असतात.

सुरांवर देशाचे नाव असेल तर तेही बोलके असते. 'पश्चिम जर्मनी' ही अक्षरे १९४९ ते १९९० या काळातच संभवतात. नुसते 'जर्मनी' असेल तर सूर बहुधा त्याआधीचे. स्क्रूंकडेही नजर टाकावी. अधिकाच्या आकाराची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले. एकाच सरळ खाचेच्या जुन्या स्क्रूंमध्ये असे दोन-चार चमकते स्क्रू दिसले, तर ती पेटी कधीतरी उघडली गेली आहे एवढा निष्कर्ष खुशाल काढावा. केवळ त्यावरून पेटी नवी ठरत नाही.

पेटीचा जीव : सूर

लाकूड कितीही सुबक असले तरी पेटीची किंमत ठरते ती तिच्या सुरांवर. सूर म्हणजे पितळी पट्टीतील चिरेवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. हवा जाताच ती कंप पावते. आपल्याकडील जुन्या पेट्यांत फ्रान्स आणि जर्मनीहून आलेले सूर आढळतात. पॅरिसच्या एस्तेव्ह आणि कास्रिएल या नावांना जुने वादक आजही मान देतात, तर जर्मन सुरांत 'ज्युबिलेट' हे नाव सर्वतोमुखी आहे. देशी सुरांत गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील पालिताणा येथील सुरांनी लौकिक मिळवला.

तीन सप्तकांच्या पेटीला ३७ पट्ट्या असतात आणि साडेतीन सप्तकांच्या पेटीला साधारणतः ४२. एकेका पट्टीमागे दोन सूर असले तर सुरांची संख्या अनुक्रमे ७४ व ८४ होते. खर्ज, नर आणि मादी अशा तीन ओळी असलेल्या पेटीत ती आणखी वाढते. घेणाऱ्याने वरचे झाकण काढून पट्ट्यांखालची फळी उघडून दाखवण्याची विनंती करावी आणि तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे एकसारखेपणा. मूळ संचातील सर्व पट्ट्यांवरील अक्षरांचा ठसा, पितळेचा रंग आणि रिव्हेटची घडण एकाच जातीची असते. मध्येच चार सूर निराळ्या तोंडवळ्याचे दिसले तर ते बदललेले आहेत. बदललेला सूर वाईटच असतो असे नाही, परंतु 'संपूर्ण पॅरिस सुरांची' म्हणून सांगितलेल्या पेटीत तो निघाला, तर भाव त्याप्रमाणे उतरला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे कानशीचे ओरखडे. जिभेचे मोकळे टोक घासले की स्वर चढतो आणि रिव्हेटजवळचा भाग घासला की तो उतरतो. जुळणीची सारी विद्या या एका नियमावर उभी आहे. मूळ कारागिराचे ओरखडे बारीक, एका दिशेचे आणि पितळाबरोबर काळवंडलेले असतात. अलीकडे घाईने केलेले ओरखडे झळझळीत, आडवेतिडवे आणि खोल असतात. रिव्हेटजवळ असे खोल घाव असलेली जीभ पुढे तेथेच तुटते. तिसरी गोष्ट म्हणजे गंज. पितळावर चढलेला हिरवट थर मऊ ब्रशने व सावकाश जाऊ शकतो, पण कंगोरे कुरतडले गेले असतील तर तो सूर पूर्ववत बोलणे कठीण.

बेसूर की वेगळ्या जुळणीची?

हल्ली जुन्या पेटीची परीक्षा बहुधा मोबाइलवरील ट्यूनरने होते. पट्टी दाबावी, काटा डावीकडे गेला की 'बेसूर' म्हणावे आणि सर्व सूर घासून काटा मध्यावर आणून द्यावा, असा व्यवहार सर्रास चालतो. जुन्या पेटीचे खरे नुकसान येथे होते.

पहिला मुद्दा मूळ उंचीचा. आज मध्य सप्तकातील धैवताची, म्हणजे पांढरी सहाची, जी ४४० कंपनांची उंची सर्वमान्य आहे, ती १९३९ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली. फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ हे प्रमाण होते, तर इंग्लंडमधील जुनी उंची ४५२ च्या आसपास होती. ४३५ ला जुळवलेली पेटी आजच्या ट्यूनरवर सर्वत्र सुमारे २० सेंट उतरलेली दिसते. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. सर्व सूर सारख्याच प्रमाणात उतरलेले असतील तर पेटी स्वतःशी सुरातच आहे. घरी एकट्याने गाण्यासाठी, तानपुरा तिच्याशी मिळवून घेण्यासाठी ती जशी आहे तशी उत्तम. सिंथेसायझर किंवा बासरीबरोबर वाजवायची असेल तरच ती चढवण्याचा विचार करावा, आणि तेव्हाही ८४ जिभांची टोके घासावी लागणार याचे भान ठेवावे.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. आधुनिक पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. गायकाच्या गळ्यातील शुद्ध गंधार मात्र त्या समान गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. हा भेद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुती-हार्मोनियम घडवण्याचा प्रयत्न केला तो याच कारणाने. अलीकडच्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजवता येणारी हार्मोनियम तयार केली. ते गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य आहेत. या मोठ्या प्रयत्नांइतका बोलबाला न होता, अनेक जुन्या कारागिरांनी गायकाचा षड्ज विचारून साध्या पेट्याही नैसर्गिक स्वरांना जुळवून दिल्या.

अशी पेटी ट्यूनरवर सदोष दिसते, परंतु तिच्या 'दोषांत' एक शिस्त असते. समजा पेटी काळी एकच्या षड्जाला जुळवलेली आहे. तिचा गंधार पांढरी चारवर येतो आणि तो सुमारे १४ सेंट उतरलेला दिसेल. काळी पाचवरील धैवत सुमारे १६, पांढरी एकवरील निषाद सुमारे १२ सेंट उतरलेला आणि काळी चारवरील पंचम किंचित, दोन सेंट, चढलेला. म्हणून कोणतीही पेटी घासायला देण्यापूर्वी एका सप्तकाच्या बाराही पट्ट्यांचे आकडे कागदावर उतरवावेत. सर्व आकडे सारखे असतील तर प्रश्न मूळ उंचीचा. वर सांगितलेला आकृतिबंध कोणत्याही एका षड्जापासून जुळत असेल तर ती कोणा गायकासाठी केलेली जुळणी. आणि आकडे अस्ताव्यस्त असतील तरच पेटी खऱ्या अर्थाने बेसूर. यानंतर तानपुऱ्यावर त्या षड्जाला गंधार लावून ऐकावा. डोलणारी लहर न उमटता तो तानपुऱ्यात विरघळला, तर ट्यूनरपेक्षा कानावर विश्वास ठेवावा.

भाता, पट्ट्या आणि खाडीची हवा

सुरांखालोखाल भाता. सर्व स्टॉपर बंद करून भाता भरावा व तसाच धरावा. भाता लगेच बसू लागला तर कोठेतरी गळती आहे. घड्यांचे कापड व कोपऱ्यांचे चामडे विरलेले असणे हा दोष मोठा नाही, कुशल कारागीर ते बदलू शकतो. सुरांच्या फळीला तडा गेला असेल तर मात्र काम वाढते. ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीच्या काठच्या या पट्ट्यात पावसाळ्यात लाकूड फुगते व बारीक फटी बुजून जातात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये धडधाकट वाटलेली पेटी जानेवारीत श्वास सोडू लागते. परीक्षा शक्यतो कोरड्या ऋतूत करावी.

पट्टी न दाबताच सूर बोलत असेल तर पट्टीखालचे चामड्याचे किंवा फेल्टचे झाकण नीट बसत नाही, किंवा स्प्रिंग थकली आहे. विक्रेते अशा पेटीला 'खलास' ठरवून भाव पाडतात, प्रत्यक्षात हे काम किरकोळ असते. उलट तळाशी बारीक पिठासारखी भुकटी दिसली तर सावध व्हावे. ते वाळवीचे किंवा भुंग्याचे लक्षण असून ती पेटी इतर लाकडी सामानाजवळ ठेवणेही धोक्याचे.

पेटी कोणत्या कामासाठी वापरली गेली, हेही विचारावे. भजनी मंडळातील पेटीचा आवाज झांजा-पखवाजावर चढावा म्हणून खणखणीत ठेवलेला असतो आणि भाता जोराने चालवल्यामुळे वरच्या सप्तकातील जिभा थकलेल्या असतात. मैफलीची पेटी हलक्या भात्यावर बोलते. भाता अगदी हळू दाबून प्रत्येक सूर किती लवकर जागा होतो, हे पाहिले की हा फरक कळतो.

हस्तिदंत आणि कायदा

जुन्या परदेशी पायपेट्या व ऑर्गनच्या पांढऱ्या पट्ट्यांवर कधी कधी हस्तिदंताचे पातळ पत्रे असतात. दोन तुकड्यांतील सांध्याची बारीक रेघ आणि लाकडासारखे अनियमित रेषांचे पोत ही त्याची खूण. सेल्युलॉइडवरील रेषा असतातच तर यंत्राने आखल्यासारख्या एकसारख्या असतात. तापवलेली सुई टोचण्याची 'परीक्षा' मुळीच करू नये, सेल्युलॉइड पेट घेते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताचा व्यापार भारतात बंद आहे आणि त्यात आयात हस्तिदंतही येते. असे वाद्य खरेदी करण्यापूर्वी वनखात्याकडे विचारणा करणे शहाणपणाचे.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे आजोबांची पेटी पाठवण्याची इच्छा अनेक घरांत असते. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते व खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पेटी तेवढी जुनी वाटत असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा.

व्यवहार आणि त्यानंतर

पेटी पाहायला जाताना विजेरी, मऊ ब्रश, तानपुरा ऐकवणारे साधन आणि कागद-पेन्सिल बरोबर असावी. शक्य असल्यास एखाद्या अनुभवी वादकाला सोबत न्यावे. कल्याणच्या गायन समाजासारख्या जुन्या संस्थांच्या मैफलींना जाणाऱ्या श्रोत्यांत असा जाणकार भेटणे अवघड नाही. सौदा ठरल्यावर लेबल, सुरांवरील ठसे आणि आतल्या बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. घरच्यांकडून पेटी कोणी, कोठून घेतली, त्यावर कोण व कोणत्या पट्टीत गात असे, एवढी माहिती लिहून घ्यावी. ती पट्टी कळली की पेटीच्या जुळणीचे कोडेही बहुधा सुटते.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा : प्रथम धूळ व कीड, मग भाता, मग पट्ट्या आणि स्प्रिंगा, आणि सर्वांत शेवटी सूर. भात्याची गळती थांबताच आणि सुरावरची धूळ झटकताच निम्मे 'बेसूर' स्वर आपोआप जागेवर येतात. कारागिराला बाराही स्वरांचा कागद दाखवून, कोणते सूर घासायचे नाहीत हे आधी स्पष्ट सांगावे. तुटलेला किंवा बदललेला मूळ सूर फेकू न देता पाकिटात घालून पेटीतच ठेवावा, कारण पुढच्या कारागिराला नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो.

आणि ज्यांना पेटी विकायचीच आहे, त्यांनी ती पुनर्विकासाच्या ट्रकमध्ये चढवण्यापूर्वी एकदा भाता भरून काळी एक दाबून पाहावी. आवाज उमटला, तर भंगाराच्या वजनकाट्यावर तिचा भाव ठरू देऊ नये.